आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (माहेरचे नाव यमुना गणपतराव जोशी, ३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १८८६ साली एम.डी. ही पदवी संपादन केली. प्राचीन भारतीय प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या पदवी प्रबंधाचा विषय होता. पदवीनंतर कोल्हापूर संस्थानाने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक केली. परंतु ते पद हाती घेण्यापूर्वीच वयाच्या एकविसाव्या वर्षी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. भारतातील प्रसूतिसेवा परंपरागत सुईणीच्या हातून शिक्षित स्त्री-वैद्यकाकडे जाण्याचा जो मार्ग पुढे तयार झाला, त्याच्या आरंभी आनंदीबाईंचे नाव घेतले जाते.

== कल्याणमधील बालपण ==

आनंदीबाईंचे माहेर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथील होते. उल्हास नदीच्या खाडीकाठचे कल्याण हे प्राचीन काळापासून बंदर म्हणून प्रसिद्ध होते. मुंबई–ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला आणि १८५४ साली तो कल्याणपर्यंत वाढविण्यात आला. आनंदीबाईंच्या जन्माच्या वेळी कल्याण अशा रीतीने मुंबईशी रेल्वेने जोडलेले होते. मात्र गावातील ब्राह्मण कुटुंबांचे आचारविचार जुन्या वळणाचेच होते. मुलींचे विवाह आठव्या-नवव्या वर्षी होत आणि मुलीने लिहिणे-वाचणे शिकणे अशुभ मानणारी घरे बहुसंख्य होती.

जोशी हे कल्याणमधील जुने जमीनदार घराणे होते. पूर्वीची सुबत्ता ओसरलेली असली तरी घरात एकत्र कुटुंबाचा मोठा गोतावळा होता. यमुनेचे बालपण याच वातावरणात गेले.

== विवाह आणि शिक्षण ==

वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, विधुर आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. ते टपाल खात्यात कारकून होते व त्या काळी कल्याण येथे नेमणुकीस होते. पत्नीला शिकविण्यास माहेरच्यांनी हरकत घेऊ नये, ही त्यांनी विवाहापूर्वी घातलेली अट होती. विवाहानंतर यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळरावांची नोकरी बदलीची होती. कल्याणनंतर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेरीस बंगाल असा या दांपत्याचा प्रवास झाला. घरच्या मंडळींपासून दूर राहिल्याने आनंदीबाईंच्या अभ्यासातील व्यत्यय कमी झाले. मराठीबरोबरच इंग्रजीवरही त्यांनी प्रभुत्व मिळविले. मुंबईस असताना त्या मिशनरी शाळेत जात. पुस्तके घेऊन रस्त्याने पायी जाणारी विवाहित मुलगी हा त्या काळी टवाळीचा विषय होता.

गोपाळरावांच्या स्वभावाची दुसरी बाजूही आनंदीबाईंच्या पत्रांतून नोंदली गेली आहे. अभ्यासात कसूर झाली असता ते लहान वयातील पत्नीस मारहाण करीत आणि हाती येईल ती वस्तू फेकीत. त्यांच्याविना आपले शिक्षण झाले नसते, याची जाणीव आनंदीबाईंना होती. तथापि या वागणुकीविषयी त्यांनी पतीस पुढे पत्रातून स्पष्टपणे लिहिले. अनुरूप सहचर व स्त्रीशिक्षणाचा निर्भय पुरस्कर्ता एवढेच गोपाळरावांचे चित्र रंगविणारी वर्णने त्यामुळे अपुरी ठरतात.

== अपत्याचा मृत्यू ==

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. परंतु तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती तर तो वाचला असता, अशी त्यांची धारणा झाली. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या त्यांच्या निश्चयाचे मूळ या घटनेत असल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

त्या काळातील बाळंतपणाची पद्धत लक्षात घेतल्यास या निश्चयाचा अर्थ स्पष्ट होतो. प्रसूती घरातच, बहुधा अंधाऱ्या व कोंदट खोलीत होत असे. सोयरामुळे बाळंतीण व मूल यांना वेगळे ठेवले जाई. नाळ कापण्यापासून सर्व कामे सुईण करीत असे. तिचे ज्ञान परंपरेने व अनुभवाने आलेले असे. अडलेल्या प्रसूतीत शस्त्रक्रियेचा उपाय तिच्यापाशी नसे आणि निर्जंतुकीकरणाची कल्पना तिला कोणी दिलेली नसे. नवजात अर्भकांचा धनुर्वात व बाळंतिणींचा सूतिकाज्वर यांनी अनेक बळी जात. पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर मोठ्या शहरांत उपलब्ध होते, परंतु ते पुरुष असल्याने उच्चवर्णीय हिंदू व मुसलमान घरांतील स्त्रिया त्यांच्याकडून तपासून घेण्यास तयार नसत. अशा रीतीने एका बाजूला शिक्षण नसलेली स्त्री आणि दुसऱ्या बाजूला प्रवेश नसलेला पुरुष डॉक्टर, यांच्यामध्ये बाळंतीण सापडलेली असे.

== अमेरिकेस जाण्याचा निर्णय ==

कोल्हापूर येथे असताना १८७८ साली गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी व स्वतःच्या नोकरीसाठी साहाय्य मागितले. धर्मांतराची अपेक्षा व्यक्त करणाऱ्या उत्तरासह हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जोशी दांपत्याने धर्मांतरास नकार दिला. न्यू जर्सीमधील रोझेल येथील थिओडिसिया कार्पेंटर यांच्या वाचनात हा मजकूर १८८० साली आला आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई पुढे त्यांना मावशी म्हणून संबोधू लागल्या.

गोपाळरावांची १८८१ साली बंगालमध्ये बदली झाली. पतीसोबत उघडपणे रस्त्याने चालणाऱ्या या मराठी स्त्रीस तेथे उपहास सोसावा लागला. अमेरिकेस एकट्याने जाण्याचा बेत जाहीर झाल्यावर विरोध आणखी वाढला. समुद्रगमन हे जातिबहिष्काराचे कारण होते, आणि पतीस सोडून विवाहित स्त्रीने जाणे हे त्याहून गंभीर मानले गेले.

== श्रीरामपूर येथील भाषण ==

या विरोधास उत्तर म्हणून आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांहूनही कमी होते. आपण अमेरिकेस का जाणार, भारतात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीने का जाणार, परतल्यावर जात बहिष्कार घालणार नाही काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. भारतास स्त्री डॉक्टरांची निकड आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते.

प्रसूतिसेवेच्या इतिहासाच्या दृष्टीने या भाषणातील एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. स्त्रियांसाठी मद्रासमध्ये महाविद्यालय आहे आणि निरनिराळ्या इलाख्यांत सुईणकामाचे वर्गही निघाले आहेत, हे त्यांना ठाऊक होते. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. तरीही सुईणकामाच्या वर्गांतील शिक्षण अपुरे व सदोष असून तेथील शिक्षक जुन्या मताचे व स्त्रियांच्या प्रगतीविषयी काहीसे असूया बाळगणारे आहेत, असे मत त्यांनी मांडले. स्त्रीने केवळ डॉक्टरच्या हाताखालची मदतनीस न राहता संपूर्ण वैद्यकाचे शिक्षण घेऊन स्वतः निर्णय घेण्याची पात्रता मिळवावी, असा त्याचा आशय होता. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही त्यांनी जाहीर केले.

भाषणाचे वृत्त सर्वत्र पसरले आणि काही आर्थिक साहाय्य मिळाले. देणगीदारांत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचाही समावेश होता. प्रवासखर्चासाठी आनंदीबाईंनी आपले दागिनेही विकले.

== फिलाडेल्फिया येथील शिक्षण ==

आनंदीबाईंनी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून प्रयाण केले आणि त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. कार्पेंटर कुटुंबात काही महिने राहून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय स्त्रियांना वैद्यकाची पदवी देणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी होते. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला हेतू मांडला होता: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत मिळवून देणे. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती मिळवून दिली.

अमेरिकेत आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही. तेथील थंडीत नऊवारी लुगडे अपुरे पडू लागल्याने त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास सुरुवात केली. हा बदल त्यांनी पतीस पत्राने कळविला होता. थंड हवा, अपुरा आहार व सततचा अभ्यास यांमुळे त्यांची मुळातच नाजूक असलेली प्रकृती खालावत गेली. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासमवेत ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले त्यांचे छायाचित्र आज जगप्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशांच्या पोशाखात आहेत.

== प्रबंध ==

पदवीसाठी आनंदीबाईंनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर इंग्रजीत प्रबंध सादर केला. प्राचीन संस्कृत ग्रंथांतील गर्भिणीची काळजी, प्रसूती व नवजात अर्भकाची जोपासना यांविषयीच्या विचारांची मांडणी त्यात आहे. अमेरिकन महाविद्यालयात आधुनिक शास्त्र शिकत असताना त्यांनी आपल्या समाजाच्या वैद्यकपरंपरेस अभ्यासाचा विषय केले, हे या प्रबंधाचे वैशिष्ट्य होय. हा प्रबंध फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेला आहे.

पदवीदान समारंभ ११ मार्च १८८६ रोजी झाला. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेस पोहोचले होते. आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातील पंडिता रमाबाई या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या.

== कोल्हापूरची नियुक्ती, आजार आणि मृत्यू ==

पदवीनंतर आनंदीबाई अनुभवासाठी बोस्टन येथील स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात रुजू झाल्या; परंतु प्रकृतीमुळे त्यांना तेथे फार काळ राहता आले नाही. त्याच सुमारास कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाचे प्रमुखपद देऊ केले आणि त्यांनी ते स्वीकारले. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी आठ वर्षांपूर्वी साहाय्याची याचना करणारे पत्र पाठविले होते, तेथेच आनंदीबाई विभागप्रमुख म्हणून परतणार होत्या.

ऑक्टोबर १८८६ मध्ये हे दांपत्य अमेरिकेहून निघाले व नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोहोचले. तोपर्यंत आनंदीबाईंचा क्षय बळावला होता. त्यांना पुण्यास नेण्यात आले, परंतु उपचारांचा उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यास त्यांना जेमतेम महिना उरला होता. भारतात एकाही बाळंतिणीवर रुग्णालयात उपचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे.

== प्रसूतिसेवेच्या इतिहासातील स्थान ==

आनंदीबाईंचा उल्लेख अनेकदा पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर असा केला जातो. मात्र १८८६ मध्येच कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय अर्हता मिळविली आणि पुढे दीर्घकाळ व्यवसाय केला. त्यामुळे या दोघींचा उल्लेख बरोबरीने करणे अधिक योग्य ठरते.

आनंदीबाईंच्या हयातीतच स्त्री-वैद्यकसेवेची यंत्रणा आकार घेऊ लागली होती. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी यासाठी निधी उभारण्यात आला, तर १८८६ साली मुंबईत केवळ स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. या संस्थांना स्त्री डॉक्टर, परिचारिका व प्रशिक्षित सुईणी यांची गरज होती. रखमाबाई यांनी लंडनला शिक्षण घेऊन १८९४ साली अर्हता मिळविली व सुरत येथे दीर्घकाळ सेवा केली. कोल्हापूर संस्थानात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्री-वैद्यक म्हणून काम केले. १९०९ साली रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांना परिचारिका व सुईणकामाचे प्रशिक्षण देऊन उपजीविकेचा सन्माननीय मार्ग खुला केला.

सुईणकामाच्या शिक्षणातील उणिवांविषयी आनंदीबाईंनी १८८३ साली उपस्थित केलेला मुद्दा नंतरही टिकून राहिला. परिचारिका-प्रसाविकेला स्वतंत्र निर्णयाचे अधिकार व प्रगत शिक्षण मिळावे, या दिशेने भारत सरकारने २०१८ साली प्रसाविका सेवांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

== वाङ्मय आणि स्मृती ==

रेचेल बॉडली यांनी पंडिता रमाबाईंच्या १८८७ सालच्या इंग्रजी ग्रंथाच्या प्रस्तावनेत आनंदीबाईंचा परिचय करून दिला. कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले चरित्र हे स्त्रीने लिहिलेल्या सुरुवातीच्या मराठी चरित्रांपैकी एक आहे. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी विशेष लोकप्रिय झाली. अंजली कीर्तने यांनी संशोधनपर चरित्र लिहिले, तर मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांचा अभ्यास करून त्यांचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व प्रकाशात आणले. समीर विद्वांस दिग्दर्शित आनंदी गोपाळ हा मराठी चित्रपट २०१९ साली प्रदर्शित झाला. शुक्र ग्रहावरील एका विवरास आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे.