डिझेल इंजिनाला रस्त्यावर आणणारे रॉबर्ट बॉश

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला पेडणे आणि डिचोली तालुक्यांतून माल घेऊन येणारी पिकअप वाहने डिझेलवर धावतात. इंजिन काळा धूर ओकू लागले, ओढ कमी झाली की गॅरेजमध्ये इंजेक्टर उतरवला जातो आणि तिथे हमखास एक नाव निघते : बॉश. हे नाव कंपनीचे असले, तरी मुळात ते एका माणसाचे आहे.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी झाला. खानावळ आणि शेती सांभाळणाऱ्या कुटुंबातील बारा भावंडांत ते अकरावे. सूक्ष्म यंत्रकाम शिकून ते अमेरिकेत गेले, एडिसन यांच्या कारखान्यात राबले आणि 1886 मध्ये स्टुटगार्टला परतून त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने त्यांना कीर्ती दिली. 1906 मध्ये त्यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. तेव्हा ही गोष्ट कारखानदारांत दुर्मीळच होती.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन काटकसरी होते, पण अवजड. दाबलेल्या हवेच्या झोताने तेल सिलिंडरमध्ये फवारायचे, तर कॉम्प्रेसर सोबत हवाच. त्यामुळे हे इंजिन जहाजांत आणि कारखान्यांत अडकून पडले. हवेचा आधार न घेता तेलालाच दाब देणारा पंप बनवण्याचे काम बॉश यांनी 1922 मध्ये हाती घेतले. पंपाचा दांडा आणि नळी यांतील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांची. ती जरा सैल झाली तरी दाब टिकत नाही. 1927 मध्ये या पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि डिझेल ट्रकचा मार्ग मोकळा झाला. 1936 मध्ये मर्सिडीजची डिझेल मोटारही याच पंपावर धावली.

याच काळात जर्मनीवर नाझी सत्ता आली. बॉश यांना ती मान्य नव्हती. त्यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना साह्य केले, राजवटीचे विरोधक कार्ल गोर्डेलर यांना आश्रय दिला. तरीही त्यांचे कारखाने युद्धसामग्री बनवत राहिले आणि तिथे वेठबिगार मजूर राबवले गेले. त्यांच्या चरित्रातील हा डाग पुसला जात नाही. 12 मार्च 1942 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्याच राजवटीने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला.

नफा लोकहितासाठी खर्च व्हावा, ही त्यांची इच्छा होती. आज कंपनीची बहुतांश मालकी त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे. भारतात 1951 मध्ये बंगळूरला ‘मायको’ सुरू झाली, पुढे नाशिकच्या सातपुरात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. 1997 मध्ये कॉमन रेल पद्धत आली, दाब हजार बारच्या पुढे गेला आणि फवारणीची वेळ संगणक ठरवू लागला. म्हणूनच पिकअपला अधिक क्षमतेचे इंजेक्टर बसवताना केवळ सुटा भाग बदलून भागत नाही. पंप, दाब आणि संगणकाची जुळणी त्यांच्याशी मिळती करावी लागते. फट सहस्रांशाची असली, तरी तिच्याशी हयगय चालत नाही, हे बॉश यांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.