पाखरांच्या पायातील कडी

सातपुड्याच्या दक्षिण अंगाचा पांढुर्णा आणि सौंसर हा मध्य प्रदेशातील मराठीभाषक मुलूख संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. नोव्हेंबरात तेथील बागांत संत्र्यांची तोडणी सुरू असते, आणि त्याच दिवसांत आसपासच्या तलावांवर व जलाशयांवर उत्तरेकडून आलेली बदके उतरू लागतात. आपल्या गोव्यात करमळीच्या तळ्यावरही याच सुमारास हिवाळी पाहुण्यांची चाहूल लागते. ही पाखरे येतात कोठून आणि जातात कोठे, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध भारतात ज्यांनी घेतला, त्या डॉ. सलीम अली यांचा जन्मही याच ऋतूतला, १२ नोव्हेंबर १८९६ चा.

मुंबईत जन्मलेले सलीम बालपणीच आईवडिलांना पारखे झाले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. हाती आलेल्या छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तिची जात ओळखण्यासाठी मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथे मिलार्ड यांनी ती ओळखलीच, शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा सारा संग्रह त्या मुलापुढे उघडला. शिकारीची हौस अभ्यासाकडे वळली ती तेथून.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. ब्रह्मदेशातील व्यवसाय जमला नाही. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. तेथून ते जर्मनीला जाऊन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये परतले, तर ते पदच रद्द झालेले होते. नोकरी नसलेल्या त्या दिवसांत पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याची घरटी दिवसेंदिवस न्याहाळली आणि त्या निरीक्षणांनी त्यांचे नाव झाले.

त्यानंतर त्यांनी संस्थानांच्या मदतीने एकेका प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी केली. हैदराबाद व त्रावणकोरनंतर ग्वाल्हेर, इंदूर व भोपाळ या मध्य भारतातील संस्थानांतही ते हिंडले. १९३९ मध्ये तेहमिना निवर्तल्या. या आघातानंतर १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि पक्षिनिरीक्षण सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले.

त्या काळी पक्षिशास्त्र बंदुकीवाचून चालत नसे. सलीम अलींनीही अभ्यासासाठी असंख्य पक्षी मारले. परंतु मेलेला पक्षी आपला प्रवास सांगू शकत नाही. त्यासाठी त्याला जिवंत पकडून, पायात क्रमांकाची हलकी कडी अडकवून सोडून द्यावे लागते. कडीवर मुंबईच्या सोसायटीला कळविण्याची विनंती कोरलेली असे. धारच्या मराठा संस्थानात बदकांना अशा कड्या घालण्याचा प्रयोग १९२० च्या दशकातच झाला होता. १९५९ पासून सलीम अलींच्या नेतृत्वाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. निमित्त होते कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील तापाचे. स्थलांतरित पक्ष्यांबरोबर रोगाच्या गोचिडी येतात काय, अशी शंका होती. भरतपूरसारख्या पाणथळींवर हजारो पक्षी पकडून सोडण्यात आले. त्यांपैकी काहींच्या कड्या पुढे सायबेरिया व मध्य आशियात सापडल्या आणि तर्काच्या जागी नकाशावर रेषा आली.

भरतपूरची जागा वाचावी म्हणून ते आग्रहाने झटले. पण त्याच ठिकाणी त्यांच्या मताला धक्का बसला. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथे गुरे चारण्यास बंदी आली. ही बंदी सलीम अलींनाही आवश्यक वाटत होती. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात काहींचा बळी गेला. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून उलटे दिसले: म्हशी चरेनाशा झाल्यावर गवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि बदकांची जागाच कमी झाली. बंदीची किंमत गावाने मोजली होती, आणि ज्यांच्यासाठी ती मोजली त्या पाखरांनाही तिचा लाभ झाला नाही.

सलीम अली १९८७ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी भारतीय उपखंडात पाणपक्ष्यांची जानेवारीतील गणना सुरू झाली. आज दुर्बीण आणि वही घेऊन कोणीही तिच्यात सहभागी होऊ शकतो. १९८८ मध्ये मांडवीतील चोडण बेटावरच्या खारफुटीला त्यांचे नाव देण्यात आले.

पांढुर्णा-सौंसरकडच्या जलाशयाचे पाणी शेतकऱ्याचे असते, मासेमाराचे असते आणि चार महिने पाहुण्या बदकांचेही असते. त्यातल्या एकाला हुसकून दुसऱ्याला वाचविता येत नाही, हे भरतपूरने शिकविले. सलीम अलींना आदरांजली वाहताना त्यांच्या कडीबरोबर हा धडाही जपावा लागेल. करमळीला आणि चोडणलाही तो तितकाच लागू आहे.