राष्ट्राध्यक्षांचे चिमुकले सोबती

भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावात मूल जनावरांच्या सोबतीनेच वाढते. गोठ्यातील वासरू, अंगणात उड्या मारणारे करडू, चुलीजवळ अंग शेकत बसलेले मांजर ही सारी जणू त्याची भावंडेच. त्यांना वेळेवर चारापाणी करावे, त्यांचे दुखलेखुपले पाहावे आणि त्यांच्या खोड्याही सोसाव्या, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भव्य निवासस्थानातही एके काळी असेच एक घर नांदत होते. त्या घराचे कर्ते पुरुष म्हणजे अमेरिकेचे सव्विसावे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट.

रूझवेल्ट यांचा जन्म 27 ऑक्टोबर 1858 रोजी न्यूयॉर्क शहरात एका संपन्न कुटुंबात झाला. घरात कशाची वाण नव्हती. परंतु बालकाची प्रकृती अत्यंत नाजूक होती. दम्याने तो रात्ररात्र बेजार होई. इतर मुलांप्रमाणे धावणे, झुंजणे त्याला जमत नसे. त्यामुळे त्याचे मन पुस्तकांत आणि पशुपक्ष्यांत रमले. एके दिवशी बाजारात त्याला सील नावाच्या समुद्रप्राण्याचे कलेवर दिसले. तो पुन्हा पुन्हा तेथे जाऊन ते न्याहाळू लागला. पुढे त्या प्राण्याची कवटी त्याने मिळविली आणि आपल्या चुलत भावंडांच्या मदतीने घरातच एक छोटे संग्रहालय थाटले. या छंदापायी घरातील माणसांची मात्र त्रेधा उडे. एकदा मोरीच्या पायाला बांधलेले कासव पाहून कपडे धुणारी बाई हवालदिल झाली. एकदा आईला अन्न ठेवण्याच्या शीतपेटीत उंदीर आढळले. तिने ते तत्काळ फेकून दिले, तेव्हा विज्ञानाची केवढी हानी झाली, म्हणून हा बालशास्त्रज्ञ हळहळत बसला.

बुद्धी तल्लख असली, तरी शरीराच्या साहाय्याशिवाय ती फार दूर जाऊ शकणार नाही, असे वडिलांनी त्याला एकदा समजावून सांगितले. ते शब्द मुलाच्या जिव्हारी लागले. तो नित्यनेमाने व्यायाम करू लागला. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने त्या किरकोळ देहातून एक धट्टाकट्टा, साहसी तरुण घडला.

परंतु सुख फार काळ टिकले नाही. 14 फेब्रुवारी 1884 या एकाच दिवशी, एकाच घरात, त्यांची आई आणि तरुण पत्नी या दोघींचाही मृत्यू झाला. कन्या ॲलिस त्या वेळी अवघ्या दोन दिवसांची होती. तान्ह्या मुलीला बहिणीच्या स्वाधीन करून रूझवेल्ट पश्चिमेकडील ओसाड माळरानावर गेले आणि तेथे गुरे राखण्याच्या कष्टात त्यांनी आपले दुःख बुडविले. 1886 मध्ये त्यांनी बालमैत्रीण एडिथ हिच्याशी विवाह केला. ॲलिस पुन्हा घरी आली. तिच्या पाठीवर थिओडोर, कर्मिट, एथेल, आर्ची आणि क्वेंटिन अशी पाच भावंडे झाली. एकदा उजाड झालेले घर पुन्हा हसूखेळू लागले.

या घरात मुलांइतकाच प्राण्यांचाही राबता होता. त्यांत मुलांचे हक्काचे सवंगडी म्हणजे गिनीपिग. नावात डुकराचा उल्लेख असला, तरी हा प्राणी डुकराच्या जातीचा नव्हे. तो उंदीर-खारींच्या वर्गातील, मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. त्याला शेपूट नसते. पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटे असतात. दात सतत वाढत असल्यामुळे तो दिवसभर काही ना काही कुरतडीत राहतो. चाऱ्याची चाहूल लागताच चिरक्या आवाजात असा काही गलका करतो, की घरच्यांना त्याचा विसर पडणे अशक्य! स्वभावाने मात्र तो सोशीक. मुलांनी उचलले, कवटाळले, खिशात कोंबले, तरी तो सहसा चावत नाही. अतिउत्साही बालकांना हाच सोबती सर्वांत योग्य, असे रूझवेल्ट यांचे मत होते.

मुलांनी आपल्या गिनीपिगांना लहानसहान नावे ठेविली नव्हती. एकाला त्यांनी विख्यात नौसेनापती ड्यूई यांचे नाव दिले, दुसऱ्याला बॉब इव्हान्स या नौदलातील शूर अधिकाऱ्याचे, तिसऱ्याला बिशप डोन या धर्माधिकाऱ्यांचे, तर आणखी एकाचे नाव होते फादर ओग्रेडी. एके दिवशी एक मूल धापा टाकीत आले आणि फादर ओग्रेडी यांना पिल्ले झाल्याची वार्ता त्याने मोठ्याने सांगितली. ज्याला एवढे दिवस नर समजत होते, ती मादी निघाली! गिनीपिगाची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे ठेवून येतात, त्यांच्या अंगावर केस असतात आणि थोड्याच वेळात ती दुडुदुडु धावू लागतात. तेव्हा बालमंडळींच्या आनंदाला केवढे भरते आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

सप्टेंबर 1901 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याबरोबर त्यांचा हा सारा परिवार व्हाइट हाऊसमध्ये राहावयास आला. ॲलिसजवळ एक हिरवा साप होता. एका पायाचा कोंबडा होता, मोठा रंगीत पोपटही होता. 1903 मध्ये कॅन्सस राज्यातील एका मुलीने राष्ट्राध्यक्षांना बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याचे पिल्लू भेट दिले. आर्ची त्याला कवटाळून हिंडत असे. हे पिल्लू खेळताना त्याच्या उघड्या पायांना चावे घेई. ते एखादे वेळी तोंडालाही चावेल, अशी शंका वडिलांनी बोलून दाखविली. परंतु आपला मित्र पाय चावतो, तोंड कधीच नाही, असे सांगून आर्चीने मित्राची बाजू राखली.

पुढे आर्ची गोवराने अंथरुणाला खिळला. त्याचे मन रमावे म्हणून धाकट्या क्वेंटिनने त्याचे आवडते तट्टू चक्क लिफ्टमध्ये चढविले आणि वरच्या मजल्यावर आजाऱ्याच्या खोलीत नेऊन उभे केले! याच क्वेंटिनने 1907 मध्ये प्राण्यांच्या दुकानातून तीन साप उसने आणले. वडील एका उच्च अधिकाऱ्याशी राज्यकारभारातील महत्त्वाच्या विषयावर बोलत असता, त्याने ते साप त्यांच्या मांडीवर ठेविले. वडील रागावले नाहीत. शेजारच्या खोलीत काही लोकप्रतिनिधी भेटीसाठी ताटकळत आहेत, त्यांना हे साप दाखवावेत, असे त्यांनी मुलाला सुचविले. त्या सद्गृहस्थांना प्रथम ते साप लाकडी वाटले. ते वळवळू लागताच मात्र सर्वांची पाचावर धारण बसली.

एवढ्या मोठ्या राष्ट्राची धुरा खांद्यावर असूनही रूझवेल्ट मुलांसाठी वेळ काढीत. त्यांच्याशी उशांची लढाई खेळत आणि दूर असले म्हणजे त्यांना सचित्र पत्रे लिहीत. त्या पत्रांत राजकारणाबरोबरच कुत्र्यामांजरांच्या खोड्यांनाही मानाचे स्थान असे.

रूझवेल्ट हे शिकारीही होते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यातही त्यांची एक मर्यादा होती. नोव्हेंबर 1902 मध्ये मिसिसिपी राज्यात सोबत्यांनी एक जखमी अस्वल झाडाला बांधून ठेविले आणि त्यांना नेम धरण्यास सांगितले. बांधलेल्या प्राण्यावर गोळी झाडण्याचे त्यांनी साफ नाकारले. मात्र त्याच्या वेदना संपविण्यास सांगितले. या प्रसंगावर वृत्तपत्रात व्यंगचित्र आले आणि त्यावरून एका दुकानदाराने कापडी अस्वल तयार केले. रूझवेल्ट यांच्या टेडी या नावावरून ते खेळणे टेडी बेअर म्हणून जगभर पोहोचले.

मार्च 1903 मध्ये त्यांनी फ्लोरिडातील पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेविले. पुढे अशी एकावन्न पक्षी-अभयस्थाने आणि पाच राष्ट्रीय उद्याने त्यांच्या कारकिर्दीत निर्माण झाली. एकूण सुमारे 23 कोटी एकर सार्वजनिक भूमीला संरक्षण मिळाले. रशिया आणि जपान यांच्यातील युद्ध मिटविण्यास साहाय्य केल्याबद्दल 1906 मध्ये त्यांना नोबेल शांतता पारितोषिकही मिळाले.

1909 मध्ये ते पदावरून निवृत्त झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरावे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यांचे चारही पुत्र रणांगणावर गेले. 14 जुलै 1918 रोजी क्वेंटिनचे विमान फ्रान्समध्ये शत्रूने पाडले. भावासाठी लिफ्टमधून तट्टू नेणारा तो खोडकर मुलगा अवघ्या वीस वर्षांचा होता. लोकांसमोर रूझवेल्ट यांनी धीर सोडला नाही. परंतु एकदा ते एकटेच तबेल्यात गेले आणि क्वेंटिनच्या तट्टाच्या आयाळीत तोंड खुपसून त्याचे लाडके नाव पुटपुटत राहिले, असे सांगतात. ज्या मुक्या जिवांनी त्या घराच्या आनंदात भाग घेतला होता, त्यांच्यापैकीच एकाच्या मानेवर त्या पित्याने आपले दुःख मोकळे केले.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 6 जानेवारी 1919 रोजी, झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. शौर्याने ते मोठे झाले, कर्तृत्वाने कीर्तिमान झाले. परंतु जो हात राष्ट्राचा कारभार हाकीत होता, तोच हात मुलांच्या हातातील गिनीपिगाला गोंजारीत होता. दुर्बळ जिवाशी मायेने वागण्यात शूराला कमीपणा नसतो, हेच त्यांच्या घराने दाखविले.