ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यापर्यंतही लायब्ररी नेली, असा होता बडोद्याचा राजा

पुस्तकं मोबाईलवर आली, मग लायब्ररी हवीच कशाला? हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. पण शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने याच्या उलटा प्रश्न विचारला होता. लोक लायब्ररीपर्यंत येत नसतील, तर लायब्ररी लोकांपर्यंत कशी न्यायची?

हा राजा म्हणजे महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे.

त्यांचा जन्म 1863 चा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचं शेतकरी कुटुंब, नाव गोपाळराव. 1875 साली इंग्रजांनी मल्हाररावांना बडोद्याच्या गादीवरून हटवलं. तेव्हा खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतलं. बाराव्या वर्षी पोरगा राजा झाला आणि खरं शिक्षण तिथून पुढे सुरू झालं.

1881 मध्ये कारभार हाती आला. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो कायदा संपूर्ण संस्थानाला लागू झाला.

पण इथे एक अडचण होती. पोरगं शाळेत वाचायला शिकायचं, शाळा सुटली की शेतात जायचं. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. काही वर्षांत शिकलेली अक्षरंही विसरायची. म्हणजे शाळेवरचा खर्च पाण्यात.

यावरचं उत्तर महाराजांना अमेरिकेत दिसलं. तिथल्या सार्वजनिक लायब्रऱ्या त्यांनी पाहिल्या आणि 1910 मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्यात आणलं. राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं महाराजांनी लोकांसाठी दिली, त्यातून सेंट्रल लायब्ररी उभी राहिली. बॉर्डन यांनी ग्रंथपाल तयार करण्यासाठी वर्गही सुरू केला.

गावांसाठी साधा हिशोब होता. गावाने वर्गणी काढायची, तेवढीच भर पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. त्यातून गावोगाव वाचनालयं निघाली.

जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्या जायच्या. पेटीत निवडक पुस्तकं भरायची, ती रेल्वेने पाठवायची, भाडं सरकार भरणार. वाचून झालं की पेटी परत, तिच्या जागी दुसरी. रेल्वे हे त्या काळचं तंत्रज्ञान, महाराजांनी ते पुस्तकांच्या कामाला लावलं.

तरीही एक मोठा वर्ग उरत होता. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांचं काय?

त्यासाठी लायब्ररी खात्यातच चित्रांतून शिकवणारी वेगळी शाखा निघाली. मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र, आणि सिनेमाचा प्रोजेक्टर घेऊन माणसं गावात जायची. भारतात सिनेमा नुकताच रांगत होता, तेव्हा बडोद्याची लायब्ररी तो निरक्षरांना शिकवण्यासाठी वापरत होती.

1931 मध्ये सेंट्रल लायब्ररी मांडवीच्या नव्या इमारतीत गेली. पुस्तकांसाठी लोखंडी मजले, त्यावर जाड काचेची जमीन. आगीचा धोका कमी आणि उजेड खालपर्यंत.

6 फेब्रुवारी 1939 ला मुंबईत महाराजांचं निधन झालं.

छापील पुस्तक, लाकडी पेटी, काचेवरचं चित्र, सिनेमाची रीळ. महाराजांच्या लेखी ही सगळी वाहनं होती. पोहोचायचं होतं ते गावातल्या शेवटच्या माणसापर्यंत. मोबाईलच्या काळात लायब्ररी टिकेल का, याचं उत्तर शोधताना बडोद्याचा हा हिशोब आजही कामाला येतो.