मनाचा पहारेकरी आणि मर्ढेकर

बा. सी. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, हे मराठीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तो खटला वस्तुतः भाषेच्या एका नव्या वापरावर होता, हे मात्र क्वचितच ध्यानी घेतले जाते.

खानदेशातील फैजपूर येथे १ डिसेंबर १९०९ रोजी जन्मलेले मर्ढेकर आय.सी.एस.च्या परीक्षेसाठी विलायतेस गेले. ती परीक्षा त्यांना साधली नाही. पण त्या काळच्या इंग्लंडात फ्रॉइडच्या ग्रंथांची भाषांतरे निघत होती आणि जॉइसच्या ‘युलिसिस’वरील वाद शमला नव्हता. मनाच्या दाराशी एक पहारेकरी असतो, नको असलेल्या इच्छांना तो जाणिवेत शिरू देत नाही, आणि मग त्या इच्छा स्वप्नांतून वा बोलण्यातील चुकांतून वेष पालटून प्रकटतात, असे फ्रॉइडचे प्रतिपादन होते. माणसाला आपल्याच घरात धनीपण उरत नाही, असा त्याचा अर्थ.

मायदेशी परतल्यावर मर्ढेकरांनी काही काळ प्राध्यापकी केली व पुढे आकाशवाणीत नोकरी धरली. १९४२ साली त्यांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत रुजविण्याचा मान तिला दिला जातो. तीत तंत्र माणसावर वरचढ ठरले, हेही मान्य करावयास हवे.

खरे यश आले ते १९४७ च्या ‘काही कविता’मध्ये. ज्ञानदेव-एकनाथांमुळे आपल्या मराठवाड्याच्या कानांत मुरलेली ओवी आणि नामदेव-तुकोबांचा अभंग त्यांनी घेतला; त्यात यंत्रे, पिंपात मेलेले उंदीर आणि रोजच्या वापरातील इंग्रजी शब्द बसविले. कान भक्तीच्या सवयीने ऐकू लागतो, आणि आत शिरते ते शहरी माणसाचे भय, त्याची किळस, त्याची वासना. पहारेकऱ्याला चकविण्याची स्वप्नाची रीतही हीच नव्हे काय?

खटला भरला मुंबई सरकारने. आरोपी होता केंद्र सरकारच्या आकाशवाणीतील अधिकारी! कायदा शब्द सुटा करून तपासतो. कवितेत तो शेजारच्या शब्दावाचून जगत नाही. अखेर मर्ढेकर निर्दोष सुटले.

नवल असे की, सौंदर्यशास्त्र मांडताना त्यांनी याच अस्वस्थ मनाला बाजूस सारले. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांनी झालेली कलाकृतीची घडण त्यांना महत्त्वाची वाटली. २० मार्च १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९५६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथासाठी, कवितेसाठी नव्हे.