समजून घ्या : चर्चच्या पायरीवरचं बाळ आणि थरथरत्या तारेचं गणित

नोव्हेंबर १७१७. पॅरिसमधल्या सेंट ज्याँ ल राँ चर्चच्या पायरीवर नुकतंच जन्मलेलं बाळ सापडलं. नावही चर्चचंच मिळालं. आई क्लोदिन द तांसँ हे शहरातलं बडं प्रस्थ, पण तिनं त्याला कधी आपलं म्हटलं नाही. तोफखान्यात अधिकारी असलेल्या वडिलांनी खर्च उचलला आणि काचकाम करणाऱ्याची बायको मादाम रूसो हिच्याकडे मूल वाढलं. हेच ज्याँ ल राँ दालाँबेर. इंजिनिअरिंगच्या पुस्तकातले डी'अलेम्बर्ट!

१७४७ मध्ये त्यांनी ताणलेल्या तारेच्या कंपनाचं समीकरण मांडलं आणि सोडवलंही. तारेचं कंपन म्हणजे एकाच वेगानं परस्परविरुद्ध दिशांना धावणाऱ्या दोन लाटांची बेरीज. टोकाला आपटून त्या उलटून परततात.

बोटानं छेडलेल्या तारेला कोपरा पडतो. अशा आकाराला हे उत्तर लागू नाही, असा दालाँबेर यांचा हट्ट. ऑयलर म्हणत, लागू आहे. पुढच्या गणितानं कौल ऑयलरना दिला. स्वतःच्या सूत्राची ताकद दालाँबेरना पुरती पटलीच नव्हती म्हणायची.

आता प्रश्न उलटा. थरथरती तार थांबवायची कशी?

तारेवर एका जागी धक्का देणारा ॲक्च्युएटर बसवला तर? अडचण अशी की काही कंपनांत तारेचे काही बिंदू जागचे हलतच नाहीत. तार दोन समान भागांत थरथरत असेल तर मधला बिंदू स्थिर असतो. ॲक्च्युएटर नेमका तिथे असला, तर कितीही धक्के द्या, ते कंपन जसंच्या तसं राहतं.

म्हणून ॲक्च्युएटर सरकता ठेवायचा. त्याचा मार्ग असा आखायचा की दोन्ही दिशांच्या लाटा त्याला गाठता येतील. मग ठरावीक वेळात तार शांत करता येते, हे गणितज्ञांनी सिद्ध केलं आहे. घाई मात्र चालत नाही. अगदी टोकावरून नियंत्रण करायचं म्हटलं तरी लाटेच्या एका पूर्ण जा-ये इतका वेळ द्यावाच लागतो. हा हिशेब दालाँबेर यांच्या त्या दोन लाटांवरूनच निघतो.

बर्लिनच्या अकादमीचं अध्यक्षपद आणि रशियाच्या राजपुत्राची शिकवणी, दोन्ही त्यांनी नाकारलं. १७६५ पर्यंत ते मादाम रूसोच्याच घरी राहिले. २९ ऑक्टोबर १७८३ रोजी त्यांचं निधन झालं. धर्म न मानणारा म्हणून त्यांना नाव नसलेल्या कबरीत पुरण्यात आलं.