क्रिकेटवीर पालवणकर बाळू

आपल्या शाळेच्या मैदानावर क्रीडासप्ताह सुरू होण्यापूर्वी दोन दिवस रोलर फिरविण्याचे काम असते. हे काम कोणालाच नको असते. फलंदाजीला सर्वांत आधी उभे राहणारे विद्यार्थी रोलरच्या दांड्याला हात लावावयाची वेळ आली की नेमके दिसेनासे होतात. गेली अनेक वर्षे अशा वेळी मी मुलांना सावलीत बसवून पालवणकर बाळू यांची हकीकत सांगत आलो आहे. या माणसाने क्रिकेटच्या मैदानावर पहिले पाऊल ठेवले ते रोलर ओढण्यासाठीच.

ही हकीकत स्मरणिकेत लिहावी असे मी सुचविले, तेव्हा आमच्या शिक्षककक्षात थोडी शांतता पसरली. बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाला आपल्या स्मरणिकेत पाने कशाला द्यावयाची, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्पष्टच विचारले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला त्या दिवशी जमले नाही, म्हणून हा लेख.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण, त्यावरून आडनाव पालवणकर. कुटुंबाचा लष्कराशी संबंध होता आणि त्यामुळेच बाळूंचे बालपण पुण्याच्या छावणीच्या परिसरात गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा तपशील महत्त्वाचा वाटावा. अस्पृश्यांच्या पहिल्या शिकलेल्या पिढ्यांपैकी कितीतरी घरे अशा छावण्यांच्या आसऱ्याने उभी राहिली. बाबासाहेबांचे घराणेही त्यांतलेच. गावगाड्याने जे नाकारले त्याचा थोडासा अंश छावणीत मिळे. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांना तेथे लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू आणि बॅटी मिळाल्या.

शिक्षण फार झाले नाही, घराला हातभार लावणे भाग होते. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर बाळूंना खेळपट्टी झाडण्याचे आणि दाबण्याचे काम मिळाले, महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावयाचा, एवढीच खेळाशी ओळख. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. पगार एका रुपयाने वाढला. जाळी लावणे, रोलर फिरविणे, क्रीझच्या रेषा आखणे, हे नित्याचे काम. तेथील एका इंग्रजाने त्यांना जाळीत चेंडू टाकावयास सांगितले आणि या डावखुऱ्या पोराची फिरकी पाहून सारेच सावध झाले. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामांकित युरोपियन फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर एकट्याने सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ग्रेगची फलंदाजी आणि बाळूंची गोलंदाजी एकाच जाळीत घडली हे निश्चित. मात्र इतकी वर्षे चेंडू टाकूनही त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी ही साहेबांची आणि घाम गाळणे नोकराचे, अशी ती वाटणी होती. आपल्या लोकांना ही वाटणी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुण्यातील हिंदू मंडळींनी पूना क्लबाला आव्हान द्यावयाचे ठरविले, तेव्हा त्यांच्यापुढे पेच उभा राहिला. ज्याच्या चेंडूपुढे खुद्द साहेब गांगरतात असा गोलंदाज आपल्याच गावात आहे, पण तो चर्मकार. त्याला संघात घ्यावे तर त्याने हाताळलेला चेंडू आपल्याला झेलावा लागणार. संघातील तेलुगू सभासदांनी त्याची बाजू घेतली, मराठी ब्राह्मण सभासद कुरकुरत राहिले. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्याहून प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. पुढे युरोपियनांविरुद्ध हिंदूंना मिळालेल्या विजयांत या गोलंदाजाचा वाटा मोठा होता.

येथे एक प्रसंग विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण मुलांना सांगताना मी नेहमी याच ठिकाणी थांबतो. खेळ सुरू असेपर्यंत बाळूंचा चेंडू सर्वांना चाले. यष्टिरक्षक तो झेली, क्षेत्ररक्षक तो उचलून परत त्यांच्याच हाती देत. चहाची सुटी झाली की मात्र विटाळ जागा होई. इतर खेळाडू पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, एकदा वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. हात धुण्यासाठी पाणी हवे असेल तर ते घालावयास क्लबाचा अस्पृश्य नोकर येई. जेवणाचे पान वेगळे. सुटी संपली की हाच मनुष्य पुन्हा मैदानात उतरून संघासाठी बळी घेई. त्या पेल्यांचे तुकडे पॅव्हिलियनच्या मागे कोठेतरी पडत असतील. इतिहासाच्या पुस्तकांत त्या काळच्या पुण्याविषयी पुष्कळ वाचावयास मिळते, हे तुकडे मात्र क्वचितच सापडतात.

प्लेगच्या काळात हे कुटुंब मुंबईस आले. तेथे बाळूंना रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याच्या संघाची दारे उघडली. तीही सहज नव्हे, काही सभासदांची नाराजी पत्करून. मुंबईत पुण्यापेक्षा एक फरक पडला. तेथे संघाबरोबर जेवणाखाण्यातील भेद हळूहळू सैल होत गेला. महानगरात जात नाहीशी झाली नव्हती, पण ती जरा संकोचली होती, इतकेच म्हणता येईल.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी या सामन्यात आठ बळी घेतले, त्यांपैकी पाच शेवटच्या निर्णायक डावात. बंधू शिवरामही संघात होते. जपानने रशियाचा पराभव केल्याला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. गोऱ्या माणसाला हरविता येते ही भावना ताजी होती, त्यामुळे या विजयाचा आनंद मैदानाबाहेरही पसरला. वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. सुधारकी विचाराच्या एका पत्राने तर चर्मकार बंधूंना संघात घेतल्याबद्दल हिंदू समाजाची पाठ थोपटली. जे मुळात नाकारावयासच नको होते ते दिल्याबद्दलचे हे अभिनंदन वाचताना आज मनात संमिश्र भाव उमटतात. त्याच वेळी त्याच मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव नावाचा चौदा वर्षांचा एक विद्यार्थी मॅट्रिकच्या तयारीला लागला होता.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस. दौरा संघाच्या दृष्टीने निराशाजनक ठरला. तेवीस सामन्यांपैकी पंधरा गमावले, अवघे सहा जिंकले. कर्णधार महाराजांचे लक्ष खेळापेक्षा बादशहाच्या राज्यारोहण सोहळ्याकडे अधिक होते आणि बहुतेक सामने ते खेळलेही नाहीत. या पडझडीत बाळूंनी एकट्याने शंभराहून अधिक बळी घेतले, केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एकाच डावात १०३ धावांत आठ. सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवरामांचे नाबाद शतक होते. म्हणजे महाराजांच्या संघाची लाज राखली ती या दोन चर्मकार भावांनी. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. शाळेची पायरी चढू न दिलेल्या समाजाला मिळालेला हा पहिलाच असा पुरुष होता, ज्याचे नाव सर्व जातींच्या तोंडी होते. तरुण भीमरावांनाही त्यांच्याविषयी अभिमान वाटत असे.

इतके करूनही कर्णधारपद? ते त्यांना मिळाले नाही. १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले. अनुभव, कर्तृत्व आणि वय यांत बाळूंच्या जवळपास कोणी नव्हते. तरी दर वर्षी नाव निघे ते दुसऱ्याचे. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता असे जाहीरपणे बोलून दाखविले. पै यांच्या प्रामाणिकपणाची नोंद करावयास हवी, पण त्या बोलण्याने निवड समिती हलली नाही. बळी घेण्यासाठी बाळू चालत होते, आज्ञा देण्यासाठी नव्हे. सवर्ण खेळाडूंनी एका अस्पृश्याच्या इशाऱ्यावर जागा बदलावयाच्या, ही कल्पनाच समितीला झेपणारी नव्हती.

१९२० मध्ये स्फोट झाला. बाळूंना संघातून वगळले गेले. पै आजारी असल्याने नेतृत्व कोणाकडे द्यावयाचे हा प्रश्न आला, तेव्हा विठ्ठल या धाकट्या बंधूंना डावलून पुण्याच्या देवधरांना ते देण्यात आले. देवधर मोठे फलंदाज होते यात शंका नाही, पण ज्येष्ठता विठ्ठलांची होती. शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला आणि आपण जातीमुळे डावलले गेलो असे निवेदन काढून समाजापुढे मांडले. मला हा प्रसंग १९०६ च्या विजयाहून मोठा वाटतो. महाडचा सत्याग्रह व्हावयास अजून सात वर्षे होती. गुणवत्तेची भीक न मागता हक्क म्हणून मागणी करणारे आणि ती नाकारली तर बाहेर पडणारे हे दोन भाऊ त्या काळात किती एकटे असतील याची कल्पना करावी. तरीही मुंबईत त्यांच्या बाजूने मोठे लोकमत उभे राहिले. पुढच्याच सामन्यात बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यात आले आणि पै मैदानाबाहेर गेले असताना काही काळ संघ त्यांच्या इशाऱ्यावर खेळला. चव्वेचाळीसाव्या वर्षी, तेवढाच वेळ. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले, युरोपियनांविरुद्ध अंतिम सामना जिंकला आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न पेटला, गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केले आणि बाबासाहेबांवर देशभरातून दडपण आले. त्या वेळी बाळू एम. सी. राजा यांच्यासह तडजोडीच्या बाजूने उभे राहिले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. १९३५ मध्ये येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, ती बाळूंना मान्य झाली नाही. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध त्यांनाच उभे केले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या नेत्याविरुद्ध अस्पृश्यांतलाच सर्वांत लोकप्रिय माणूस शोधून काढणे, ही चाल धूर्तपणाची होती आणि बाळूंनी तिचे हत्यार होण्यास होकार दिला. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले.

मी या निर्णयाचे समर्थन करीत नाही. बाळूंची चूक झाली असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ती समजून घ्यावयास हवी. सवर्णांच्या मनात पालट होऊ शकतो, याचा अनुभव त्यांनी स्वतःच्या आयुष्यात घेतला होता. पुण्यातील मातीच्या पेल्यापासून मुंबईतील पंगतीपर्यंत आणि वगळलेल्या नावापासून भावाला खांद्यावर घेणाऱ्या गर्दीपर्यंतचा प्रवास त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मात्र तो प्रवास दर आठवड्याला बळी घेणाऱ्या माणसाला शक्य झाला होता. ज्याच्या हाती चेंडू नाही त्या लक्षावधी माणसांनी कोणाच्या मनाच्या पालटाची वाट पाहावयाची, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ते कायद्यात शोधत होते. महाडसारख्या लहानशा गावातील तळ्याच्या पाण्यासाठी डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तो महाडच्या न्यायालयातून ठाण्याला आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे निवडणुकीनंतर महिनाभरातच, उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तळ्यावरील पाण्यासाठी दहा वर्षे आणि तीन न्यायालये लागली. बाळूंच्या पेल्याचा दावा मात्र कोणत्याच न्यायालयात दाखल झाला नाही.

विठ्ठल पालवणकर यांनी १९४८ मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. थोरल्या भावाची बरीचशी हकीकत त्यातून आणि पुढे रामचंद्र गुहा यांच्या क्रिकेटच्या इतिहासातून लोकांना कळली. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, ही त्यांची नोंद आजही आकडेवारीच्या पुस्तकांत आहे. ज्या वयात गोलंदाज उमेदीत असतो ती वर्षे पूना क्लबाच्या जाळीत गेली. ती यात धरलेली नाहीत.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बाबासाहेब तेव्हा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या कामात होते आणि नागपूरच्या दीक्षेला सव्वा वर्ष उरले होते. यंदाच्या क्रीडासप्ताहात मैदानाच्या कडेला, रोलर ठेवतो त्या भिंतीवर, बाळूंचे छायाचित्र लावावे असे मी संस्थेला सुचविले आहे. मघाशी उल्लेख केलेल्या सहकाऱ्यांनी त्याला संमती दिली. मात्र छायाचित्राखाली १९३७ सालही लिहावे, अशी अट त्यांनी घातली आहे. ती मला मान्य आहे.